रिकाम्या इमारतीचा मोह

रिकामी पडलेली सरकारी इमारत दिसली की मला चैन पडत नाही. एक तर मी मेरिलंडमधल्या एका काउंटीच्या वित्त विभागात नोकरी करते. बंद इमारतीलाही विमा लागतो, पहारा लागतो आणि पाइप गोठून फुटू नयेत म्हणून थंडीभर हीटिंग चालू ठेवावं लागतं, हे मला पाठ आहे. दुसरं म्हणजे मी डोंबिवलीत ज्या घरात वाढले तिथे हॉर्लिक्सची बाटली आधी डाळीसाठी, मग खिळ्यांसाठी आणि शेवटी मनीप्लँटसाठी, असा क्रम ठरलेला होता. चांगली वस्तू कुणी टाकून दिली तर आई दिवसभर बोलायची नाही.

त्यामुळे वॉशिंग्टन शहराने २००७ साली आपल्या बंद पडलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बेघर कुटुंबांची सोय केली, तेव्हा मला ते मनापासून पटलं. मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या कॅफेटेरियात मसालेभाताची ताटली हातात धरून मी त्यावर वादही घातला होता. समोरचे गृहस्थ म्हणत होते, ‘‘अहो, हॉस्पिटलात कुणी मुलं वाढवतं का?’’ मी म्हटलं, ‘‘मग काय फुटपाथवर वाढवायची?’’ भोवतीच्या चारचौघांनी मान डोलावली आणि वाद तिथेच मिटला. आज मी त्या गृहस्थांच्या बाजूची आहे. कारण मात्र त्यांचं नाही, माझं आहे. आणि ते सापडायला मला बरीच वर्षं लागली.

रुग्णालयाचं नाव डी.सी. जनरल. इकडे येणारे आपले पाहुणे कॅपिटॉलच्या घुमटासमोर फोटो काढतात. त्या घुमटाच्या मागून सरळ पूर्वेला निघालं की साधारण दोन मैलांवर अनाकोस्टिया नदी लागते. नदीच्या अलीकडे स्टेडियम-आर्मरी हे मेट्रो स्टेशन आणि त्याला लागून सरकारी जमिनीचा एक ऐसपैस तुकडा आहे. दप्तरी त्याचं नाव रिझर्व्हेशन १३. शहराचा तुरुंग तिथे आहे. शहराचं शवागार २०१२ पर्यंत तिथेच होतं. शेजारी काँग्रेशनल सेमेटरी हे जुनं कबरस्तान. आणि या सगळ्यांच्या संगतीला विटांच्या अनेक इमारतींचं हे रुग्णालय. पाहुण्यांना इकडे फिरवायला आणलंय असं एकही मराठी घर माझ्या माहितीत नाही.

हे रुग्णालय बंद झालं २००१ मध्ये, आणि तेव्हाही मी बंद करणाऱ्यांच्या बाजूची होते. वॉशिंग्टनचा कारभार इतर शहरांसारखा नाही. शहराच्या तिजोरीवर शेवटचा शब्द अमेरिकी काँग्रेसचा. नव्वदच्या दशकात शहर कर्जात बुडालं, तेव्हा १९९५ मध्ये काँग्रेसने वर एक वित्तीय नियंत्रण मंडळ बसवलं. डी.सी. जनरल दरवर्षी मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च करत होतं, कारण दारात आलेल्या विमा नसलेल्या माणसाला ते परत पाठवत नव्हतं. महापौर अँथनी विल्यम्स आणि नियंत्रण मंडळ यांनी ठरवलं की रुग्णालय चालवणं हा शहराचा धंदा नव्हे. गरिबांच्या उपचारांचं कंत्राट खासगी रुग्णालयाला द्यावं. निवडून आलेल्या नगर परिषदेने एकमताने विरोध केला. नियंत्रण मंडळाने तो डावलला. लोक रस्त्यावर आले, सभा झाल्या, पण आंतररुग्ण विभागाला कुलूप लागलं ते लागलंच.

मला तेव्हा हे सगळं तर्कशुद्ध वाटलं. तोट्यातलं खातं बंद करायचं, तीच सेवा बाहेरून विकत घ्यायची; आमच्या धंद्यात हे रोज चालतं. कंत्राट मिळालेलं ग्रेटर साउथईस्ट रुग्णालय नदीपलीकडे, मेरिलंडच्या हद्दीवर होतं. ते १९९९ मध्येच एकदा दिवाळखोरीतून गेलं होतं, आणि त्यानंतर ते विकत घेणारी कंपनी २००२ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतः दिवाळखोरीत निघाली. म्हणजे शहराने आपलं बुडतं रुग्णालय बंद करून गरिबांना दुसऱ्या बुडत्या रुग्णालयाच्या हवाली केलं होतं. तरी माझं मत हललं नाही. मी म्हणायची, कंत्राटदार चुकीचा निवडला, तत्त्व बरोबर होतं.

एक गोष्ट आजही मान्य करते. त्याच फेरबदलात शहराने अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी हेल्थकेअर अलायन्स नावाची योजना सुरू केली. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विमायोजनेत न बसणाऱ्यांना, त्यात कागदपत्रं नसलेले स्थलांतरितही आले, तिचा आधार मिळाला, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेतल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आहे. तेव्हा बंद करणारे सगळे दुष्ट होते, असं मला म्हणायचं नाही. कार्ड हातात आलं. ते दाखवायचं कुठे, हा प्रश्न उरला.

आता निवाऱ्याकडे. शहराच्या अगदी दक्षिण टोकाला, ब्लू प्लेन्स भागात, डी.सी. व्हिलेज नावाचा कुटुंबांचा निवारा होता. गर्दी, घाण आणि तक्रारी यांनी तो बदनाम झाला होता. महापौर एड्रियन फेंटी यांनी २००७ मध्ये तो बंद केला. त्या धामधुमीत डी.सी. जनरलच्या रिकाम्या वॉर्डांकडे लक्ष गेलं. इमारत शहराचीच, भाडं नाही, मेट्रो दारात. सुरुवात थोड्या कुटुंबांनी झाली. पुढे एका वेळी अडीचशेहून जास्त कुटुंबं तिथे राहू लागली. २०१४ च्या सुमारास त्यात सहाशेच्या आसपास मुलं होती. एवढी मुलं म्हणजे एक अख्खी शाळा झाली.

इथला कायदा समजल्याशिवाय ही गर्दी समजत नाही. १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी ‘इनिशिएटिव्ह १७’ मंजूर करून प्रत्येकाला रात्रीच्या निवाऱ्याचा हक्क दिला. मिच स्नायडर नावाच्या कार्यकर्त्याने त्याच वर्षी ५१ दिवस उपोषण करून रेगन सरकारला एका सरकारी इमारतीची डागडुजी करायला लावली, तो हा काळ. पुढे नगर परिषदेने तो व्यापक हक्क काढून घेतला. उरलं ते इतकंच: गार वारा धरून तापमान शून्य सेल्सियसला किंवा त्याखाली गेलं, तर कुणालाही बाहेर ठेवता येणार नाही. म्हणून कित्येक वर्षं उन्हाळ्यात मुलांना घेऊन आलेल्या आईला नकार मिळायचा आणि पहिल्या कडाक्याच्या रात्री तिलाच खोली मिळायची. रुग्णालय गेलं पण थर्मामीटर राहिला. फक्त तो आता आभाळाला लावायचा. वर्षभर दार उघडं राहायला लागलं ते २०१५ नंतर.

माझ्या मताला पहिला तडा गेला तो एका शेजारणीमुळे. त्या केरळच्या, निवृत्त परिचारिका. आमच्या गल्लीतले सगळे भारतीय त्यांना चेची म्हणतात. डी.सी. जनरलमध्ये त्यांनी कधी काम केलं नव्हतं, पण वॉर्डांत जन्म गेलेला. मी नेहमीप्रमाणे रिकाम्या इमारतीचं कौतुक करत होते, तर त्या म्हणाल्या, ‘‘वॉर्डातली खोली पेशंटसाठी बांधलेली नसते गं. आमच्यासाठी असते.’’

मग त्यांनी ती खोली माझ्यापुढे उलगडली. दार रुंद असतं ते स्ट्रेचर वळावा म्हणून. त्याला आतून कडी नसते, कारण आत कुणी कोसळलं तर बाहेरच्याला तत्काळ शिरता यावं. पलंगाच्या उशाशी ऑक्सिजनचं तोंड आणि घंटीचं बटण. दिवा असा की रात्री दोन वाजता हाताची शीर सापडली पाहिजे. निजायला अंधार हवा हा विचार त्यात नाही. कॉरिडॉर सरळसोट, कारण मधल्या टेबलावर बसलेल्या नर्सला दोन्ही टोकं दिसायला हवीत. न्हाणीघर दोन-चार खोल्यांत मिळून, कारण अर्धे पेशंट उठूच शकत नाहीत. जेवण ट्रेवर येणार आणि ट्रेवरच परत जाणार. चूल नाही, ओटा नाही, चमचा विसळायला धड जागा नाही. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत की हा माणूस आठवड्याभरात बरा होऊन घरी जाणार आहे.

‘‘आता त्या खोलीत,’’ चेची म्हणाल्या, ‘‘एक आई, तेरा वर्षांचा मुलगा आणि दूधपितं बाळ ठेव. आणि सांग, यातली कुठली सोय त्यांची अडचण होत नाही?’’

मी एकेक घेऊन पाहिलं. डी.सी. जनरलमध्ये कुटुंबं पूर्वीच्या रुग्णांच्या खोल्यांत राहत होती आणि न्हाणीघरं कॉरिडॉरमध्ये, सामायिक होती. म्हणजे रात्री मुलीला लघवीला जायचं तर आईने तान्ह्याला उचलून बरोबर न्यायचं, किंवा मुलीला एकटीला सोडायचं. स्वयंपाक करता येत नव्हता. दुखण्यातून उठलेल्या पोराला मऊ भात करून घालावा, ही आपल्याकडची अगदी झोपडीतली आईसुद्धा जी गोष्ट करते, ती तिथे अशक्य होती. आत शिरताना तपासणी, पाहुण्यांवर बंदी. आपल्या मुलांदेखत आईला परवानग्या मागाव्या लागतात, तेव्हा तिच्या शब्दाचं वजन किती उरतं हे वेगळं सांगायला नको. उंदीर, ढेकूण, बंद पडणारं गरम पाणी यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येतच होत्या, पण मी त्या देखभालीच्या शीर्षकाखाली टाकून मोकळी होत होते. उंदीर मारता येतात. कॉरिडॉर मात्र बदलता येत नाही, आणि तिथे मुख्य त्रास त्या रचनेचाच होता.

त्यानंतर २०१४ चा मार्च आला. त्या निवाऱ्यात राहणारी आठ वर्षांची एक मुलगी दिसेनाशी झाली. शाळेत तिची गैरहजेरी वाढत चालली होती आणि कारण म्हणून एका डॉक्टरांच्या उपचारांचा हवाला दिला जात होता. शाळेचा माणूस अखेर त्या डॉक्टरांना भेटायला निवाऱ्यात गेला, तेव्हा कळलं की ते डॉक्टर नव्हेतच. निवाऱ्यातले सफाई कर्मचारी. पुढे त्या माणसाच्या बायकोचा खून झालेला आढळला, नंतर एका उद्यानात त्याचाही मृतदेह मिळाला. मुलगी आजपर्यंत सापडलेली नाही.

त्या बातमीने साऱ्या शहराचं मत बदललं, त्यामुळे माझं बदललं यात माझं काही विशेष नाही. पण एक बारकावा मला सोडत नव्हता. जे पूर्वी खरोखर रुग्णालय होतं, त्या पत्त्यावर डॉक्टर असणार यात कुणाला वावगं वाटलं नाही. इमारतीची ओळख इतकी जुनी आणि पक्की की आत कोण आहे हे पाहायला जायला वेळ लागला. त्या वर्षी आवारात मुलांसाठी खेळायचं मैदान झालं. सात वर्षं मुलं तिथे राहत होती, आणि मैदान झालं ते आता.

तरीही खरं सांगायचं तर माझ्यातली हिशेबनीस अजून शिल्लक होती. मी म्हणत होते, इमारत वाईट, व्यवस्थापन वाईट. पण दुसरी चांगली रिकामी इमारत मिळाली असती तर? हा शेवटचा आधार सुटला तो ग्रंथालयात. वॉशिंग्टनच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या इमारतीत, शहराच्या इतिहासाचा वेगळा विभाग आहे. जुन्या काळी शहराचा कारभार पाहणाऱ्या आयुक्तांचे वार्षिक अहवाल तिथे चाळता येतात. मला अशा गोष्टींचा नाद आहे. कुणी कादंबऱ्या वाचतं, मी जुने ताळेबंद वाचते.

रुग्णालय आपली सुरुवात १८०६ पासून मोजत असे. रिझर्व्हेशन १३ वर वस्ती झाली ती १८४० च्या दशकात, जेव्हा शहराने आपलं आल्म्सहाऊस, म्हणजे निराधारांचं सरकारी आश्रयगृह, गावाबाहेर म्हणून तिथे नेलं. नाव वॉशिंग्टन असायलम. म्हातारे, आजारी, वेडे, दारुडे, किरकोळ गुन्ह्यांतले कैदी, बेवारस बायका, सगळे एका आवारात. देवीच्या साथीतले रोगी तिथेच पाठवायचे आणि बेवारस प्रेतंही तिथेच पुरायची. १८७० च्या दशकात शेजारी तुरुंग आला. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या मारेकऱ्याला, चार्ल्स गिटोला, १८८२ मध्ये तिथे फाशी दिलं. रुग्णालय या आवारात हळूहळू वाढलं आणि विसाच्या दशकात त्याला सेनेटर जेकब गॅलिंजर यांचं नाव मिळालं. १९५३ मध्ये ते डी.सी. जनरल झालं.

आता इथे मी पान उलटलं आणि थबकले. १९०६ मध्ये शहराला वाटलं की निराधार म्हाताऱ्याकोताऱ्यांना तुरुंगाशेजारी कोंबणं बरं नाही. म्हणून आल्म्सहाऊसमधल्या लोकांना तिथून हलवून नव्या, मोकळ्या जागी नेलं. ती नवी जागा म्हणजे ब्लू प्लेन्स. तिचंच पुढे डी.सी. व्हिलेज झालं. आधी वृद्धांचं शुश्रूषागृह, ते १९९६ मध्ये आबाळीच्या तक्रारींनंतर बंद पडलं, आणि मग त्याच रिकाम्या आवारात कुटुंबांचा निवारा. तोही वाईट म्हणून २००७ मध्ये बंद करून माणसं हलवली, ती कुठे? रिझर्व्हेशन १३ वर. १९०६ मध्ये दरिद्री माणसं इकडून तिकडे गेली, एकशे एक वर्षांनी तिकडून इकडे आली. दोन्ही वेळा सुधारणा म्हणून.

अजून एक गोष्ट त्याच आवारातली. मताधिकारासाठी व्हाइट हाऊससमोर निदर्शनं करणाऱ्या बायकांना ऑगस्ट १९१८ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांना तुरुंगाच्या आवारातल्या एका जुन्या वर्कहाऊसमध्ये ठेवलं. ती इमारत माणसांना राहायला नालायक म्हणून १९०९ मध्येच बंद केलेली होती. रिकामी होती, हाताशी होती, उघडली.

हे वाचताना मला माझी चूक सापडली असं नाही, पण माझा प्रश्न मला प्रथमच नीट दिसला. मी सारखं विचारत होते की ही इमारत रिकामी आहे, तिचं काय करावं. हा प्रश्न इमारतीच्या बाजूने विचारलेला आहे. तो एकदा मान्य केला की उत्तरादाखल माणसं शोधायची, आणि जी माणसं नाही म्हणू शकत नाहीत तीच सापडतात. काटकसर खरी, पण ती कोणाच्या जिवावर? शहराच्या वायव्येकडच्या श्रीमंत वस्तीतल्या रिकाम्या इमारती अशा यादीत कधी आल्या नाहीत. त्या काटकसरीचा नकाशा काढला असता तर तो दीडशे वर्षं त्याच दोन ठिपक्यांत फिरताना दिसला असता.

हे मला आधीच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल, कारण मी मुंबईच्या बाजूची. पडायला आलेल्या चाळीतून ‘तात्पुरते’ म्हाडाच्या संक्रमण शिबिरात गेलेले आणि तिथेच नातवंडं पाहिलेले लोक कुणाला माहीत नाहीत? पण परदेशात गेलं की माणूस आपल्याकडच्या गोष्टी आपल्याकडच्याच समजतो. इथल्या शहराच्या ताळेबंदात मला संक्रमण शिबिर दिसलं नाही, कारण इथे त्याला चांगल्या विटा होत्या आणि समोर मेट्रो होती.

पुढचं थोडक्यात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात निवारा भरला, तेव्हा शहराने कुटुंबांना मनोरंजन केंद्रांच्या हॉलमध्ये नुसते आडोसे लावून झोपवलं. ते कायद्याला धरून नाही, असं न्यायालयाने सांगितलं. बाकीची कुटुंबं मोटेलांत गेली. २०१६ मध्ये महापौर म्युरिएल बाउझर यांनी योजना मांडली: एक मोठा निवारा बंद करायचा आणि शहराच्या आठही वॉर्डांत प्रत्येकी एक छोटा काढायचा. माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल ते सांगायला नको. आठ छपरं, आठ बॉयलर, आठ ठिकाणचे पहारेकरी! एकाच्या जागी आठ म्हणजे आमच्या विभागात कुणी असा प्रस्ताव आणला असता तर आम्ही त्याला चहासुद्धा विचारला नसता.

आज मला त्या योजनेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. आठ म्हणजे कुणाचीच गल्ली सुटणार नाही. आणि म्हणूनच ती गाजली. वॉर्ड ३, म्हणजे शहरातला सर्वांत सधन भाग, तिथल्या काही शेजाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. रहदारी वाढेल, झाडं जातील, शाळेवर ताण येईल. ही कारणं रिझर्व्हेशन १३ च्या बाबतीत कुणी काढल्याचं मला अहवालांत दिसलं नाही. त्या वॉर्डातला निवारा २०२० मध्ये उघडला. झाडं आहेत अजून.

न्हाणीघरावरून मात्र नगर परिषदेत जे वाद झाले ते वाचताना मला चेची आठवत होत्या. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र न्हाणीघर द्यायचं की मजल्यावर मिळून द्यायचं? खर्च वाढतो, खोल्या कमी होतात, आणि कुणीकुणी असंही म्हटलं की फार सोयी दिल्या तर लोक हलायचे नाहीत. शेवटी तडजोड झाली. सगळ्यांना स्वतंत्र मिळालं नाही, पण कॉरिडॉरच्या टोकाच्या सामायिक न्हाणीपेक्षा बरं मिळालं.

डी.सी. जनरलमधली शेवटची कुटुंबं २०१८ चा हिवाळा लागण्याआधी बाहेर पडली. त्या वर्षीही घाई दिसलीच. कुटुंबं राहत असतानाच आवारातली शेजारची रिकामी इमारत पाडायचं काम काढलं होतं. जुन्या रंगातल्या शिशाची धूळ मुलांच्या अंगावर येईल म्हणून आरडाओरडा झाला. आणि गंमत पाहा, त्याच सुमारास ॲमेझॉनच्या दुसऱ्या मुख्यालयासाठी शहराने ज्या जागा देऊ केल्या होत्या त्यांत रिझर्व्हेशन १३ चा हाच पट्टा होता. ॲमेझॉन व्हर्जिनियात गेली. पण जमिनीला भाव आला तेव्हा निवारा हलवण्याची निकड किती वेगाने सर्वांना पटली, हे माझ्यासारखीच्या नजरेतून सुटत नाही. निवारा बंद झाला ते चांगलंच झालं. तो नुसता चांगुलपणापोटी बंद झाला असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि रुग्णालय? निवाऱ्याच्या वादात ते सगळे विसरले होते, मीही. ग्रेटर साउथईस्ट मालक बदलत, नाव बदलत, शेवटी २०१० मध्ये शहराच्याच गळ्यात पडलं. २००१ मध्ये ज्याने ‘रुग्णालय चालवणं आपला धंदा नव्हे’ म्हटलं, त्या शहराला नऊ वर्षांत पुन्हा रुग्णालयाचं मालक व्हावं लागलं, आणि तेही जास्त खिळखिळ्या. २०१७ मध्ये तिथला प्रसूती विभाग बंद झाला. त्यानंतर नदीच्या पूर्वेला राहणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी शहराच्या पूर्वार्धात जागाच उरली नाही. कळा सुरू झाल्या की पूल ओलांडायचा. नवं, पूर्ण सोयींचं, १३६ खाटांचं सीडर हिल रुग्णालय उघडलं २०२५ च्या एप्रिलमध्ये. डी.सी. जनरल बंद झाल्यापासून चोवीस वर्षांनी. तेव्हा वाचवलेली रक्कम आणि मधल्या काळात शहराने भरलेली कर्जं, तूट, सल्लागारांची बिलं यांची बेरीज मी एकदा करायला घेतली होती. अर्ध्यावर सोडली, कारण त्या तक्त्यात पूल ओलांडताना गेलेला वेळ कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला येईना.

म्हणून २००१ बद्दलचं माझं मतही गेलं. निवाऱ्याबद्दलचं मत बदललं आणि मग पाठोपाठ, दोरा ओढल्यासारखं, हेही उसवलं. रुग्णालय बंद झालं नसतं तर इमारत रिकामी झाली नसती, आणि तिच्या रिकामेपणाचा मला एवढा कळवळाही आला नसता.

घरी याचा एक परिणाम झाला तो असा की माझा नवरा आता मला रिकाम्या इमारतींवरून चिडवतो. कोविडनंतर वॉशिंग्टनच्या मध्यवस्तीतली कित्येक कार्यालयं ओस पडली आहेत आणि त्यांची घरं करण्याचं वारं वाहतं आहे. आमच्या काउंटीतही दोन-तीन प्रस्ताव येऊन गेले. मी त्यांना पाठिंबा दिला तेव्हा हा म्हणाला, ‘‘पुन्हा तेच? सुधारली नाहीस.’’ खरं आहे, काचेचे दहा मजले नुसते उभे पाहून मला अजूनही झोप येत नाही. पण आता प्रस्ताव टेबलावर आला की मी खर्चाचं पान शेवटी उघडते. आधी नकाशा मागते. जिन्याशेजारी काय आहे, खिडकी उघडते का, दाराला आतून कडी आहे का, पाइप प्रत्येक खोलीपर्यंत नेणार की मजल्याच्या मध्यावरच थांबवणार. मग विचारते, ही जागा कुणासाठी, आणि हीच का. मागच्या बैठकीत एका तरुण वास्तुविशारदाने फारच सुंदर रंगीत चित्रं आणली होती, गच्चीवर बाग वगैरे. मी त्याला म्हटलं, बाग राहू दे बाबा, ओटा कुठे आहे ते दाखव. तो नकाशावर बराच वेळ शोधत राहिला, आणि शेवटी म्हणाला की तो पुढच्या टप्प्यात आहे. आम्ही प्रस्ताव परत पाठवला.